दाराला कुलूप आणि पार्सल दारात

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी भाडेकरार, वीजबिल आणि वारसाची नोंद यांचाच भरणा असतो. गेल्या काही महिन्यांत मात्र एकाच स्वरूपाची पत्रे इतकी साचली की या वेळची जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली आहे. घरी कोणी नसताना पार्सल येते आणि मग ते कोणाच्या हाती गेले, कोठे ठेवले गेले किंवा का परत गेले, याचा थांग लागत नाही, अशी ही तक्रार आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि त्यांतील कंपन्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. सकाळी साडेसहाला घराला लागलेले कुलूप संध्याकाळीच निघते. साडेचौदा हजार रुपयांचा मोबाइल मागवला होता आणि पैसे आधीच भरले होते. सकाळी अकराच्या सुमारास डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, ‘घर बंद आहे, शेजारी देऊन जातो, ओटीपी सांगा.’ कामावर असल्याने जास्त बोलता आले नाही आणि मी ओटीपी सांगितला. संध्याकाळी शेजारी म्हणाले, आमच्याकडे काहीच आले नाही. ॲपवर मात्र ‘डिलिव्हर्ड’ असे दिसते आणि कंपनीचे म्हणणे असे की ओटीपी दिलात, म्हणजे माल मिळाला. आता काय करावे? पोलिसांत जावे का?
— एक वाचक, उत्तमनगर, सिडको

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत अडचणीचे वाक्य ‘मी ओटीपी सांगितला’ हे आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ओटीपी म्हणजे आजच्या काळातला पोचपावतीवरचा अंगठा होय. मनिऑर्डरचे पैसे हातावर मोजून घेतल्याशिवाय आपल्या आजीने पोस्टमनच्या फॉर्मवर कधी अंगठा उठवला नसेल. आपण मात्र डोळ्यांनी न पाहिलेल्या पार्सलची पोच फोनवरून देऊन मोकळे होतो. ओटीपी दिला गेला की माल पोचला असे धरले जाईल, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात आणि खरेदीच्या वेळी ती आपण न वाचता मान्य केलेली असते.

तरीही प्रकरण येथेच संपते असे मानण्याचे कारण नाही. आपण सांगितलेल्या ओटीपीवरून फार तर एवढे म्हणता येईल की पार्सल शेजारी देण्यास आपली संमती होती. ते शेजाऱ्याच्या हाती खरोखर पडले, हे त्यावरून ठरत नाही. तोपर्यंत माल विक्रेत्याने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात होता, तेव्हा तो कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या हाती दिला, हे सांगण्याची जबाबदारी प्रथम त्या बाजूची आहे. म्हणून ‘माल मिळाला नाही’ एवढेच लिहून थांबू नका. पोचवल्याचा पुरावा मागा. त्यात घेणाऱ्याचे नाव, सही किंवा छायाचित्र, नोंदीची वेळ आणि त्या क्षणी डिलिव्हरीवाल्याचा फोन कोठे होता याची नोंद, एवढे सर्व मागावे. आपल्या बाजूने त्या दिवशीच्या फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि शेजाऱ्यांकडून, त्यांची हरकत नसल्यास, दोन ओळींचे तारीखवार निवेदन लिहून घ्यावे. गल्लीत कोणाच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच आठवड्यात चित्रण मागून घ्यावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते आणि महिन्याभराने गेलात तर हाती काही लागत नाही.

तक्रार ॲपवरच्या गप्पांच्या खिडकीत न करता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार असा अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. कार्डाने पैसे भरले असतील तर माल न मिळाल्याचा वाद बँकेकडेही त्याच वेळी नोंदवावा. बँकांची त्यासाठीची मुदत मर्यादित असते, त्यामुळे कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही; ती कंपनीकडे पाठपुरावा करते. माझा अनुभव असा की मोठ्या कंपन्या या टप्प्यावर बऱ्याचदा नमते घेतात. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे, म्हणजे आपल्याला नाशिकच्या आयोगातच जाता येईल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पोलिसांत जावे का, असेही आपण विचारले आहे. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार अर्ज देण्याचा हक्क आपल्याला आहेच. मात्र अर्जात ‘अमुक मुलाने चोरले’ असे लिहू नका. त्याने ते चुकून दुसऱ्याच घरी दिले असेल, ही शक्यता सिडकोसारख्या एकसारख्या घरांच्या आणि अक्षर-आकड्यांच्या घरक्रमांकांच्या वस्तीत काही कमी नाही. घडले तेवढेच लिहावे. मागच्या गल्लीतल्या त्याच क्रमांकाच्या घरीही एकदा विचारून यावे. आणि पुढच्या वेळी पार्सल स्वतःच्या किंवा आपण नेमलेल्या माणसाच्या हाती पडल्यावर, त्या माणसाने फोनवर तसे सांगितल्यावरच ओटीपी द्यावा. तसा माणूस नसेल तर सुटीचा दिवस निवडावा, किंवा ओळखीच्या किराणा दुकानदाराला विचारून त्याचा पत्ता द्यावा.

प्रश्न : मी जेलरोडला राहते, निवृत्त आहे आणि दिवसभर घरीच असते. तरीही तीन वेळा ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून पार्सल परत गेले. फोनही आला नाही. घरी असणाऱ्याने आपण घरी होतो हे सिद्ध तरी कसे करायचे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घरी असल्याचा पुरावा कोणाकडेच नसतो, पण फोन न आल्याचा असतो. त्या दिवशीच्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि ट्रॅकिंगमधील शेऱ्याचा स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवून तक्रारीसोबत पाठवावेत. दिवसाचा कोटा पुरा होत नसला की न गेलेल्या घरांवरही असा शेरा पडतो, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर, संप यांसारखे हाताबाहेरचे कारण असेल तेवढाच अपवाद. तेव्हा पार्सल परत गेले तर पैशांची मागणी संकोच न करता करावी.

मात्र आपण पत्रासोबत जोडलेल्या पावतीवरील पत्ता मी पाहिला आणि निम्मा उलगडा तेथेच झाला. त्यावर जेलरोडचा पत्ता आहे, पण पिन ४२२००१ असा आहे. तो नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन. नाशिकरोडचा पिन ४२२१०१ आहे. शहराचे नाव एकच दिसत असले तरी पंचवटीचा ४२२००३, देवळाली कॅम्पचा ४२२४०१, असे प्रत्येकाचे टपाल वेगळ्या वाटेने जाते. खासगी कुरिअरवालेही बहुधा पिन पाहूनच माल कोणत्या हबला उतरवायचा ते ठरवतात. चुकीच्या पिनचे पार्सल शहरातल्या हबला जाते, तेथला मुलगा जेलरोडला येणार नसतो, आणि ‘पत्ता आमच्या हद्दीत नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा सोपा पर्याय निवडतो. त्याचे वागणे चूकच आहे, पण चूक आपल्या बाजूनेही सुरू झाली होती.

हा सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आपले टपाल कार्यालय सांगतात. आपला घोटाळा या शेवटच्या तीन आकड्यांत झाला. जुन्या घरी राहत असताना ॲपमध्ये साठवलेला पत्ता आपण बदलला, पण पिन तसाच राहिला असावा, असा माझा अंदाज आहे. सर्व ॲपांतील जुने पत्ते काढून टाका. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी ‘डिजिपिन’ ही दहा चिन्हांची नवी पद्धतही आणली आहे. तिच्यात देशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागणी केली आहे, त्यामुळे बंगल्याचे दार अचूक सापडते. इमारतीतला मजला मात्र तिला कळत नाही, म्हणून ‘दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे’ हे लिहिण्याला अजून पर्याय नाही.

प्रश्न : पार्सल पोचवता आले नाही, पत्ता अपूर्ण आहे, पुढील लिंकवर पत्ता भरून पाच रुपये भरा, असा टपाल खात्याच्या नावाने संदेश आला आहे. खरा असेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. लिंक उघडू नका. पाच रुपये हे निमित्त आहे. कार्डाचा क्रमांक मिळवणे हा हेतू आहे. पार्सलची खरी स्थिती पाहायची असेल तर पावतीवरचा क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावी. याचाच दुसरा प्रकार फोनवरून होतो: ‘डिलिव्हरीवाल्याशी जोडून देतो, स्टार २१ किंवा स्टार ४०१ दाबून हा नंबर लावा,’ असे सांगितले जाते. असे केल्यास आपले सर्व फोन दुसऱ्याच्या क्रमांकाकडे वळतात आणि बँकेचा ओटीपी फोनवरून येत असेल तर तोही तिकडेच जातो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. तेथे तासा-दोन तासांनीही फरक पडतो.

प्रश्न : आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत बहुतेक घरे दिवसा बंद असतात. सर्व पार्सले वॉचमनच्या केबिनमध्ये येतात. मागील महिन्यात एक पार्सल गहाळ झाले आणि सभासद सोसायटीकडे भरपाई मागत आहेत. आम्ही हे काम फुकट करतो, मग जबाबदारी आमची कशी?
— एका सोसायटीचे सचिव, गंगापूर रोड

उत्तर : फुकट करता म्हणून जबाबदारी सुटत नाही, हे ऐकून आपल्याला वाईट वाटेल. दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीवर ताब्यात घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ च्या भाषेत तो निक्षेप होतो आणि त्या कायद्याच्या कलम १५१ नुसार, मोबदला घेतलेला असो वा नसो, सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घ्यावी लागते. तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली तर कलम १५२ नुसार तो जबाबदार राहत नाही. म्हणून वादाचा मुद्दा एवढाच उरतो की केबिनला कुलूप होते की नाही, आणि नोंद होत होती की नाही. पार्सलांचा ढीग उघड्या केबिनबाहेर बाकावर पडलेला असेल आणि वॉचमन पाण्याच्या मोटारी चालू करायला मागे गेला असेल, तर सोसायटीची बाजू लंगडी पडेल.

पार्सल घेतलेच पाहिजे असे बंधन सोसायटीवर नाही. घ्यायचे असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून नियम लावावेत, नाहीतर प्रत्येक वेळी सचिवालाच बोल लागतो. मोबाइल, दागिने, औषधे असे पार्सल वॉचमनने घेऊ नये. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे सोसायटीच्या किंवा वॉचमनच्या खिशातून देऊ नयेत. कुलूपबंद कपाट आणि तारीख, सदनिका, पार्सलवरचा क्रमांक, घेतल्याची वेळ व नेणाऱ्याची सही एवढे रकाने असलेली वही, यावर सर्व भागते. त्यासाठी महागड्या ॲपची गरज नाही. दोन दिवसांत न नेलेल्या पार्सलची जबाबदारी सोसायटी घेणार नाही, असा फलकही लावता येईल, पण फलक आहे म्हणून कपाट उघडे ठेवता येत नाही. गहाळ झालेल्या पार्सलबाबत, त्या दिवशी नोंद नसेल आणि पार्सल वॉचमनने घेतल्याचे कुरिअरकडे छायाचित्र असेल, तर वाद न्यायालयात नेण्यापेक्षा सामोपचाराने काही रक्कम देणे स्वस्त पडेल, असे माझे मत आहे.

प्रश्न : वडील सहा आठवडे बहिणीकडे पुण्याला होते, घर बंद होते. परत आल्यावर दाराच्या फटीत पोस्टमनची चिठ्ठी सापडली. चौकशीअंती कळले की धनादेश न वटल्याबद्दल वकिलाची नोटीस आली होती आणि ती कोणी न नेल्याने परत गेली. हातात न पडलेली नोटीस लागू कशी होईल?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : हा प्रश्न पार्सलचा नसला तरी बंद दाराचाच आहे, आणि या सर्व पत्रांत सर्वांत गंभीर आहे. पार्सल परत गेले तर पैसे परत मिळतात. नोटीस परत गेली तर ती मिळाली असेच धरले जाते. योग्य पत्त्यावर, पुरेशा टपालखर्चासह नोंदणी टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरावे, असे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ सांगते आणि धनादेशाच्या प्रकरणांत हे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. गृहीतक खोडून काढता येते, पण ते काम आपल्याला करावे लागेल. पुण्याच्या मुक्कामाचे पुरावे, जसे रेल्वेची तिकिटे किंवा तेथील दवाखान्याचे कागद, आजच एकत्र करावेत. नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यासाठी १५ दिवस असतात. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे की ज्याला नोटीस खरोखरच मिळाली नाही, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी. देणे खरे असेल तर समन्सचीही वाट न पाहता वकिलामार्फत समोरच्या पक्षाशी बोलावे, हे उत्तम.

घरी कोणी न भेटल्यास पोस्टमन सूचना ठेवतो आणि नोंदणीकृत टपाल साधारण सात दिवस कार्यालयात ठेवून मग परत पाठवले जाते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून पूर्वीच्या लांबट पाकिटाची ओळख ठेवून बसू नये; वकिलाची नोटीस आता स्पीड पोस्टच्या रूपातही येईल. लांबच्या मुक्कामाला जाताना आपल्या टपाल कार्यालयात लेखी अर्ज देऊन टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेता येते, किंवा विश्वासू नातेवाइकाला आपले टपाल घेण्याचे अधिकारपत्र देऊन त्याची प्रत पोस्टमास्तरांकडे ठेवता येते. गॅसचा नळ बंद केला का हे तीनदा पाहणारी माणसे या अर्जाचा विचारही करत नाहीत.

प्रश्न : मी स्वतः डिलिव्हरीचे काम करतो. घर बंद असले की फेरी फुकट जाते, कारण पोचलेल्या पार्सलचेच पैसे मिळतात. लोक फोनवर सांगतात, ‘मीटरच्या पेटीत ठेवून जा.’ नंतर पार्सल हरवले की माझ्या पैशांतून कापतात. माझी बाजू कोण ऐकणार?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आपले पत्र आले नसते तर हे सदर एकतर्फी झाले असते. फोनवर मिळालेल्या परवानगीचा आपल्याकडे काहीच पुरावा राहत नाही, म्हणून ‘मीटरच्या पेटीत ठेवा’ असे ग्राहकाने म्हटले की ‘एवढा एक मेसेज टाका’ असे सांगावे, मेसेज आल्यावरच पार्सल ठेवावे आणि घरक्रमांक दिसेल असे छायाचित्र काढावे. मेसेज येत नसेल तर पार्सल परत नेलेले बरे. एका फेरीचे नुकसान मोबाइलच्या किमतीपेक्षा नेहमीच लहान असते.

कपातीबाबत आपण कोणत्या नात्याने काम करता हे महत्त्वाचे आहे. आपण कुरिअर कंपनीचे किंवा तिच्या कंत्राटदाराचे पगारी कामगार असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, सोपवलेला माल हरवल्याबद्दलची कपात आपल्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तरच करता येते, तीही आपल्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाही. अशा वेळी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा. ॲपवर नाव नोंदवून प्रत्येक पार्सलमागे पैसे घेत असाल, तर त्याच दिवशी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आपल्यासारख्यांची ‘गिग कामगार’ म्हणून व्याख्या आहे आणि विमा, आरोग्य यांसारख्या योजनांसाठी ई-श्रम संकेतस्थळावर नोंदणी करता येते. कापलेले पैसे मात्र ती संहिता परत मिळवून देत नाही. तेथे आपल्याला कंपनीशी झालेल्या कराराच्या अटींवरच भांडावे लागेल, आणि त्यासाठी वर सांगितलेला मेसेज व छायाचित्र एवढेच आपल्या हाती असेल. आपल्या कराराची प्रत ॲपमधून उतरवून पाठवल्यास कपातीचे कलम वाचून पुढील अंकात उत्तर देता येईल.